नावं घालणारी जैतुनबी

नाशकाच्या भांडी बाजारात नवखा माणूस आला की पहिली दोन मिनिटं त्याला काही ऐकूच येत नसे. तांबट घागरी ठोकतायत, गिऱ्हाइकं तांब्यावर टिचकी मारून आवाज पारखतायत, टांगेवाला ‘बाजू, बाजू’ करून घसा फोडतोय. या सगळ्या गदारोळात एक बारीक आवाज मात्र दिवसभर एकसारखा चालायचा. टिक टिक टिक टिक. तो बहिरूशेठच्या दुकानाच्या पायरीवरून यायचा. तिथे जैतुनबी बसायची. मांडीवर गोणपाट, गोणपाटावर कोणाचं तरी भांडं, एका हातात छन्नी, दुसऱ्यात हातोडी. ती भांड्यांवर नावं घालायची.

भांड्यावर नाव नसेल तर शेजारच्या लग्नात दिलेलं पातेलं परत तुमच्याच घरी येईल याची हमी कोण देणार हो? म्हणून घरात नवं भांडं आलं की आधी नाव, मग चूल. आणि नाव घालावं तर जैतुनबीनंच. ठिपक्याला ठिपका लावून अक्षर असं गोलाईनं वळवायची की बायका बोट फिरवून बघत बसायच्या. हे काम तिच्या नवऱ्याचं, इसाकचं. तो नाव घालायचा तेव्हा ही शेजारी बसून भांडं धरायची. एकतीस साली इसाक तापानं गेला. चार महिन्यांनी ती त्याची हातोडी घेऊन त्याच पायरीवर येऊन बसली. बाईमाणूस हातोडी मारणार म्हणून बाजार चार दिवस हसला. पाचव्या दिवशी कामं घेऊन आला.

आता खरी गंमत ऐका. जैतुनबीला लिहिता-वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही! गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर नाव लिहून आणायचं आणि हिनं त्याची रेघ, त्याचा काना, त्याची वेलांटी बघून ते तस्सं भांड्यावर उतरवायचं. तिच्या लेखी ते नाव नसायचंच, चित्र असायचं. यात एकदा असा घोटाळा झाला की विचारू नका. पंचवटीतल्या एका बाईंनी घाईघाईत कनवटीची चिठ्ठी काढून दिली आणि त्या रामाच्या दर्शनाला गेल्या. परत येऊन बघतात तर नव्याकोऱ्या घागरीच्या गळ्यावर सुरेख वळणदार अक्षरांत ‘हिंग, जिरे, सुपारी, दोन नारळ’!

पितळेवर मारलेला ठिपका पुसता येत नाही. बहिरूशेठनं बाईंना दुसरी घागर दिली आणि ती वाणसामानाची घागर दुकानाच्या फळीवर जाऊन बसली. कोण घेणार ती? महिनाभर येणारा-जाणारा ओरडायचा, “काय जैतुनबी, नारळ दोन की तीन?” तीही हसायची. पण तेव्हापासून तिनं एक नेम केला. कोणीही चिठ्ठी पुढे केली की ती म्हणायची, “वाचून दाखवा आधी.” गिऱ्हाईक वाचायचं, ती एकेका अक्षरावर बोट ठेवून ऐकायची आणि मगच छन्नी लावायची.

बहिरूशेठच्या डोक्यातून मात्र ती घागर गेली नाही. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि भित्रा व्यापारी वाईटापेक्षा जास्त वैताग देतो. अडतीस सालच्या संक्रांतीनंतर एका सकाळी तो गल्ल्यावरून न बघताच म्हणाला, “पाडव्यापासून मी येवल्याचा एक माणूस बसवतोय. लिहिता-वाचता येतं त्याला. तू दुसरीकडे बघ.”

“दुसरीकडे म्हणजे कुठं शेठ?”

शेठनं एक तपेली उचलली आणि नसलेली धूळ फुंकली.

दुसरी पायरी होती कुठे? बाजारात बाकीच्या दुकानांवर आपापली माणसं बसलेली. दारोदार हातोडी घेऊन फिरणाऱ्या एकट्या बाईच्या हातात लग्नाचं भांडं कोण देणार? जैतुनबीला ती पायरीच हवी होती. इसाकच्या बसण्यानं दगड जिथे गुळगुळीत झाला होता, तीच.

समोरच्या माडीवर धोंडीराम मास्तरांचा चित्रकलेचा वर्ग होता. ग्रेड परीक्षेची पोरं तिथे बसायची. खिडकीत एक टेबल, त्यावर निळं कापड, चिनी मातीची विलायती सुरई, दारूची रिकामी बाटली आणि मेणाची दोन सफरचंदं. सात वर्षं तेच. पोरं बदलायची, बाटली तीच. सफरचंदांचा रंग उडून त्यांचे बटाटे झाले होते. जैतुनबीच्या पायरीवरून ते टेबल सरळ दिसायचं, आणि रिकाम्या वेळी तिला ते बघून हसू यायचं.

त्याच आठवड्यात मास्तर खाली उतरले. डब्यावर नाव घालून हवं होतं. जैतुनबीचा जीव आधीच वैतागलेला. ठिपके मारता मारता ती म्हणाली, “मास्तर, राग मानू नका. तुमचं ते टेबल कोणाच्या घरचं आहे?”

“कोणाच्याच नाही. ते वस्तुचित्र आहे. निर्जीव वस्तू मांडायच्या आणि बघून काढायच्या.”

“तरीच! कोणी राहतंयसं वाटत नाही तिथं. तुमच्या घरी आहे का हो दारूची बाटली?”

“शिव शिव शिव!” मास्तरांनी कानाला हात लावले.

“मग काढता कशाला? आणि राहणाऱ्याच्या घरी एखादा तरी खरकटा चमचा नको? सात वर्षांत कोणी खाल्लं नाही, प्यालं नाही, काही सांडलं नाही. तुमची पोरं ज्या घरचं चित्र काढतायत ना, त्या घराला कुलूप आहे.”

मास्तर चिडले. मोठी वस्तू मागे, लहान पुढे, कापडाला घड्या, उजेड डावीकडून, असं बरंच काही त्यांनी ऐकवलं. शास्त्र आहे म्हणाले, साहेबांच्या देशात शेकडो वर्षं चालत आलंय म्हणाले. जैतुनबीनं मान डोलावली आणि डबा पुढे केला. मास्तर तरातरा माडी चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आणि पेन्सिल घेऊन तेच परत खाली आले.

“घ्या. तुम्ही काढून दाखवा राहणाऱ्याचं घर.”

पेन्सिल तिच्या हातात टिकेना. “ही घसरते हो. कागद काही विरोधच करत नाही!” ती वैतागून म्हणाली. मग तिनं पितळी पत्र्याचा एक तुकडा ओढला आणि सुरू झाली. टिक टिक टिक. अर्ध्या दुपारात तुकड्यावर तिची खोली आली. चूल, चुलीवर वाकडं झाकण असलेलं पातेलं, खुंटीवर इसाकचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खाली फुटक्या कानाचा कप. ताट वरून बघितल्यासारखं गोल, आणि त्याच्याच शेजारचा तांब्या बाजूनं बघितल्यासारखा उभा. सावली नाही, घड्या नाहीत.

“ताट वरून आणि तांब्या बाजूनं? असं एकदम कसं दिसेल?” मास्तर म्हणाले.

“ताट बाजूनं काढलं तर त्यातली भाकरी कशी दिसणार?”

मास्तर तुकडा हातात धरून उभेच राहिले. चष्म्यावरून त्यांची नजर हलेना. मग एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, “अहो जैतुनबी! हे प्रदर्शनात गेलं पाहिजे!”

माघ महिन्यात शहराबाहेरच्या मैदानावर मोठं शेतकी आणि औद्योगिक प्रदर्शन भरणार होतं. द्राक्षं, नांगर, पाण्याचे पंप, आणि एका तंबूत चित्रं. वस्तुचित्राचा वेगळा विभाग. मुंबईहून कलाशाळेतले साहेब निवाडा करायला येणार. मास्तरांना भलताच चेव चढला. “पण तुकडा नको. मोठं करा. आणि खऱ्या भांड्यावर करा! निवाडा लागला, पेपरात नाव छापून आलं, तर बहिरू तुम्हाला उठवेल? त्याचा बाप उठवणार नाही!”

जैतुनबीनं हातोडी खाली ठेवली. पायरी राहील? खरंच राहील? पण भांडं आणायचं कुठून? तिच्या घरी होती ती पत्र्याची आणि मातीची. हजारो भांडी हातून गेली, त्यातलं एकही तिचं नव्हतं.

ते भांडं भागीबाईनं आणलं. भागीबाई मखमलाबादच्या बाजूची, बाजाराच्या तोंडाशी वांगी विकायला बसायची. लेकीचं, कुसाचं, लग्न ठरलेलं. आंदणाला मोठा पितळी तांब्या घेतला होता आणि त्यावर देणारीचं नाव हवं होतं. जैतुनबीनं तिला सगळं सांगितलं. पाडवा, पायरी, प्रदर्शन, सगळं एका दमात.

“मंग कर की याच्यावं,” भागीबाई म्हणाली. “पोरगी लांब नांदगावला चालली. तिला माहेर दिसंल तांब्यावर. पर बाई, लग्न सोमवारी हाय. रईवारी तांब्या माझ्या हातात पायजे बघ.”

“रविवारी संध्याकाळी देते. अल्लाशप्पथ!”

पुढचे आठ दिवस काय विचारता! जैतुनबी एकेक प्रश्न विचारायची आणि भागीबाई वांगी तोलता तोलता उत्तरं द्यायची. दारातून शिरलं की डाव्या हाताला काय? जातं. जात्यावर काय? कुसाची वेणीची फीत, ती तिथंच टाकते, कितीदा सांगितलं. खुंटीला? तागडी, एक पारडं जरा खाली. सूप कुठं? सुपात काय? मांजर बसतं का? सगळं तांब्याच्या पोटावरून गोल गोल फिरत गेलं. त्याला पुढची बाजू नव्हती की मागची. तांब्या फिरवावा तसं घर फिरायचं, आणि अर्ध्या खाल्लेल्या भाकरीच्या ताटापाशी येऊन पुन्हा दारात पोचायचं. गळ्यावर, चिठ्ठी वाचून घेऊन, ‘भागीबाई’.

शेवटी तांब्या उपडा केला तर बूड रिकामं. जैतुनबीला ते रिकामं बूड काही केल्या सोडवेना. तिनं आपल्या हातातली हातोडी आणि छन्नीच तिथे काढली, शेजारी शेजारी. कोण बघतंय बुडाकडे?

रविवारी दुपारी जैतुनबी आणि भागीबाई तंबूत पोचल्या. भिंतभर वस्तुचित्रं. तेरा. तेराच्या तेरा चित्रांत सुरई, बाटली, सफरचंदं! नऊ मास्तरांच्या वर्गातली, चार दुसऱ्या कुठल्या वर्गातली, पण बाटली सगळीकडे. त्या रांगेपुढे एका टेबलावर तिचा तांब्या एकटाच, आणि समोर कारकुनानं लिहिलेला कागद.

“काय लिहिलंय?” तिनं मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. “भागीबाई लिहिलंय. मी नुसता तांब्या देऊन गेलो. त्यानं तांब्यावरचं नाव उतरवून घेतलं.”

चूक कारकुनाची तरी कशी म्हणावी? भांड्यावर नाव ज्याचं, भांडं त्याचं. जन्मभर हेच तर तिनं ठोकून ठोकून पक्कं केलेलं. मास्तर कारकुनाकडे धावले, पण तेवढ्यात साहेब तंबूत शिरले आणि सगळ्यांना दोरीच्या मागे ढकललं गेलं.

साहेब आपल्याकडचेच होते, जाडजूड, घामाघूम. पहिलं चित्र बघितलं, दुसरं बघितलं. पाचव्यापाशी त्यांनी जांभई दिली. नवव्यापाशी म्हणाले, “नाशकात एवढी दारू पितात?” लोक हसले, मास्तर लाल झाले. तेराव्यानंतर साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि शिपायाला सांगितलं, “पाणी आण बुवा.”

शिपायानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टेबलावरचा तांब्या उचलला आणि माठात बुडवला.

“या अल्ला!” जैतुनबीनं भागीबाईचा दंड असा आवळला की बांगडी पिचली. “माझं चित्र! अगं, चित्र बुडवलं त्यानं!”

“आंदणाचा तांब्या हाय त्यो!” भागीबाई तिच्याहून मोठ्यानं. “लेकीच्या आधी ह्योच पितोय!”

साहेबांनी मान मागे टाकून वरून धार धरली. घटाघटा प्याले. दम घ्यायला थांबले, तांब्या खाली आला, आणि नजर त्याच्या पोटावर गेली. जात्यावरची फीत. साहेबांनी तांब्या थोडा फिरवला. तागडी. आणखी फिरवला. सूप, सुपात मांजर. उरलेलं पाणी त्यांच्या कोटावर सांडलं तरी कळलं नाही. तांब्या फिरतोच आहे, साहेबांचे ओठ पुटपुटतायत, आणि अर्ध्या भाकरीपाशी येऊन त्यांनी पुन्हा दारातून सुरुवात केली. तीनदा!

“चित्र समजून मांडलेल्या वस्तू मी तेरा वेळा बघितल्या,” ते शेवटी म्हणाले, “आणि चित्र होतं ते तुम्ही मला पाणी प्यायला दिलंत! पहिलं बक्षीस हे. कोण आहे?”

कारकुनानं कागद बघून हाक मारली, “भागीबाई!”

जैतुनबीच्या डोळ्यांपुढे ती पायरी आली आणि तिच्यावर येवल्याचा तो माणूस बसलेला दिसला. भागीबाईला वाटलं, साहेब पाणी प्याले त्यात आपलाच काही गुन्हा झाला. ती दोरीखालून वाकून पुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, तांब्या माझाच हाय. पर म्या न्हाई दिला प्यायला.”

“हे तुम्ही काढलंत?”

“म्या? म्या वांगी इकते!”

“मग काढलं कोणी?”

“त्या जैतुनबीनं. त्या तिकडं रडत्यात त्या.”

कारकून मध्ये पडला. म्हणाला, तांब्यावर नाव यांचं आहे, यादीत नाव यांचं आहे, कोणीही उठून माझंच म्हणेल, पुरावा काय? मास्तर ओरडले, भागीबाई ओरडली, शिपाईही उगाच ओरडला. या गोंधळात साहेबांनी, पाणी पिऊन झाल्यावर कोणीही ठेवतो तसा, तांब्या टेबलावर उपडा ठेवला.

बूड वर आलं. हातोडी आणि छन्नी.

साहेब खाली वाकले. मग सरळ झाले. “बाई, तुमच्या घरी हातोडी आहे?”

“वांग्याला हातोडी कशाला लागतीया साहेब?”

साहेबांनी जैतुनबीला जवळ बोलावलं. तिच्या कमरेला, नेहमीच्या जागी, हातोडी खोचलेली होतीच. दांड्याच्या टोकाला एक टवका उडालेला. इसाकच्या वेळेपासूनचा. बुडावरच्या चित्रातही टवका होता, त्याच जागी. साहेबांनी दोन्ही शेजारी धरले आणि कारकुनापुढे नेले. “हा घ्या पुरावा. यादी बदला.”

मास्तरांनी टोपी उडवली ती तंबूच्या दोरीवर जाऊन अडकली. ज्या पोरांची चित्रं हरली होती तीच पोरं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या पिटत होती. भागीबाईनं तांब्या पदरानं पुसला आणि काखोटीला मारला. “चल बाई, माझ्या घरी हळद खोळंबली!” असं म्हणत ती गेलीसुद्धा. जैतुनबीचं पहिलं बक्षीस सोमवारी संध्याकाळी कुसाच्या पाठवणीत नांदगावच्या गाडीत बसलं.

मंगळवारी ती बाजारात आली तेव्हा पायरीपुढे सात-आठ बायका उभ्या होत्या. हरेकीच्या हातात भांडं आणि तोंडात आपलं घर. “आमच्या दारात तुळस आहे बरं का,” “माझ्या सासूचा अडकित्ता विसरू नका.” फळीवरची वाणसामानाची घागर गेली होती. ‘जैतुनबीचीच ना?’ म्हणून कोणी तरी सोमवारी सकाळीच घेऊन गेलं. माडीवर मास्तरांच्या टेबलावरून बाटली गायब झाली होती आणि तिथे मास्तरांचा जेवणाचा डबा उघडा पडला होता, त्यात एक चमचा.

बहिरूशेठ गल्ल्यावरून उठून पायरीपर्यंत आला. हे सहसा व्हायचं नाही. त्याच्या हातात पितळेची वीतभर पट्टी होती आणि एक चिठ्ठी.

“हे घाल. पायरीच्या वर भिंतीला ठोकायचंय.”

“आणि येवल्याचा माणूस?”

“नाही म्हणून कळवलं त्याला.” शेठ खाकरला. “तू घाल आधी.”

जैतुनबीनं पट्टी मांडीवर घेतली. चिठ्ठीवरची अक्षरं तिनं कधी घातलेली नव्हती, म्हणजे एकेक करून घातली असतील, पण अशी या क्रमानं नाही. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सवयीनं म्हणाली, “वाचून दाखवा आधी.”

“जैतुनबी,” शेठनं वाचलं.

तिला वाटलं, हाक मारली. तिनं वर बघितलं. “काय शेठ?”

“अगं, हाक नाही मारली. चिठ्ठीत आहे ते वाचलं.”

तिचं बोट तिथंच राहिलं. सात वर्षं या पायरीवर बसून तिनं अर्ध्या नाशकाची नावं घातली. लग्नातली, बारशातली, मेलेल्यांच्या आठवणीची. पण ही चिठ्ठी तिच्याकडे कोणी आणली नव्हती, आणि कोणाला लिहून द्या म्हणावं हे तिलाही सुचलं नव्हतं. चार अक्षरांवरून तिनं बोट पुढे नेलं, मागे आणलं.

“एवढंच?” ती म्हणाली. “मला वाटलं मोठं असेल.”

मग डोळे पदरानं खसाखसा पुसून तिनं छन्नी लावली. पहिला ठिपका वाकडा पडला. पितळेवरचा ठिपका पुसता येत नाही, तिनं तो तसाच ठेवला आणि दुसरा मारला.